हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं, मग हृदयाला रक्त कोण देतं?

चाकण एमआयडीसीतली थर्ड शिफ्ट. पहाटेचे साडेतीन वाजलेले. लाइनवर उभ्या असलेल्या पंचेचाळिशीच्या ऑपरेटरला छातीच्या मधोमध जड वाटू लागतं. पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते, अंगाला घाम सुटतो. कँटीनची भाजी तिखट होती, त्यानंच झालं असेल, असं त्याला वाटतं. शेजारचा सहकारी इनोची पुडी आणून देतो. "थोडं बस, ढेकर आली की बरं वाटेल." पाळी सुटून कंपनीची बस येईपर्यंत अडीच-तीन तास निघून जातात.

ही कुणा एका माणसाची गोष्ट नाही. भोसरी, तळवडे, चिंचवड, चाकण अशा कुठल्याही कारखान्यात हा प्रसंग घडू शकतो. दर वेळी दुखणं हृदयाचंच असतं असंही नाही, अनेकदा ती खरोखर ॲसिडिटीच असते. पण हा फरक बाहेरून ओळखणं इतकं अवघड का? हृदयाच्या दुखण्यात डावा हात किंवा जबडा का दुखतो? काहींना छातीत न दुखता नुसती मळमळच का होते? आणि ईसीजीच्या कागदावर नजर टाकून कोणती धमनी बंद झाली असावी हे डॉक्टर कसं सांगतात?

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारे मज्जातंतू यांच्या रचनेत.

थोडक्यात

- हृदयाच्या कप्प्यांमध्ये रक्त भरलेलं असलं, तरी हृदयाचा स्नायू त्यातून आपली गरज भागवू शकत नाही. त्याला रक्त मिळतं ते कोरोनरी धमन्यांमधून.
- मुख्य धमन्या दोन असतात. डावी लगेच दोन मोठ्या फांद्यांत विभागते, म्हणून व्यवहारात 'तीन धमन्या' म्हटलं जातं.
- हृदयाचे ठोके त्याच्या आतच तयार होतात. मज्जातंतू फक्त त्यांचा वेग आणि जोर कमी-जास्त करतात.
- हृदय, हात, जबडा आणि पोट यांचे संदेश मेंदूकडे जाताना वाटेत एकत्र येतात. म्हणून दुखणं एकीकडचं आणि जाणवतं दुसरीकडे.
- धमनी पूर्ण बंद झाली तर अर्ध्या-पाऊण तासातच स्नायू मरायला सुरुवात होते.

आधी 'नस' या शब्दाचा घोळ

"त्यांची एक नस ब्लॉक निघाली" हे वाक्य मराठी घरांत सर्रास ऐकू येतं. बोलताना 'नस' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

हृदयाकडून रक्त बाहेर घेऊन जाणारी नळी म्हणजे धमनी. तिच्या भिंती जाड आणि लवचीक असतात, आत दाब जास्त असतो. रक्त हृदयाकडे परत आणणारी नळी म्हणजे शीर. इंजेक्शन देताना हातावर शोधतात ती हीच. आणि संदेश वाहून नेणारा तंतू म्हणजे मज्जातंतू. त्यात रक्त नसतं, विजेसारखे संकेत धावत असतात.

हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा बंद झालेली असते ती धमनी. त्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचवतो तो मज्जातंतू.

रक्तानं भरलेलं, तरीही तहानलेलं

पिंपरी-चिंचवडकरांना एक उदाहरण जवळचं वाटेल. पवना नदीवरच्या रावेत बंधाऱ्याजवळ पंप आहेत. ते पाणी उचलतात, ते निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथून शहरभर. त्या पंपांमधून रात्रंदिवस पाणी वाहत असतं, पण पंप चालतात ते पाण्यावर नाही, विजेवर. विजेची लाइन तुटली, तर नदी दुथडी भरून वाहत असली तरी पंप बंद.

हृदयाचंही तसंच आहे. प्रौढ माणसाचं हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त पुढे ढकलतं आणि दिवसभरात सुमारे 1 लाख ठोके देतं. हे सगळं रक्त त्याच्या कप्प्यांतून जात असतं. पण डाव्या निलयाची, म्हणजे सर्वांत ताकदवान कप्प्याची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते. कप्प्यातल्या रक्तातला ऑक्सिजन भिंतीच्या अगदी आतल्या पातळ थरापलीकडे झिरपू शकत नाही. उरलेल्या स्नायूसाठी स्वतंत्र 'लाइन' लागते. ती म्हणजे कोरोनरी धमन्या.

पंपाच्या उदाहरणापेक्षा एक गोष्ट मात्र वेगळी आहे. हृदय आपली लाइन स्वतःच भरतं. त्यानं बाहेर टाकलेल्या रक्तातला पहिला वाटा त्याचा स्वतःचा असतो: विश्रांतीच्या वेळी एकूण रक्ताच्या साधारण 4 ते 5 टक्के, म्हणजे मिनिटाला पाव लिटरच्या आसपास. म्हणूनच हृदय थकलं की त्याचा स्वतःचा पुरवठाही कमी होतो आणि दुष्टचक्र सुरू होतं.

आणखी एक अडचण आहे. शरीराचे बाकीचे अवयव रक्तातला साधारण पाव हिस्सा ऑक्सिजन घेतात, तीन हिस्से शिल्लक राहतो. हृदयाचा स्नायू विश्रांतीच्या वेळीसुद्धा सुमारे 70 ते 75 टक्के ऑक्सिजन काढून घेतो. म्हणजे त्याच्याकडे राखीव साठा जवळपास नसतोच. काम वाढलं, जिना चढला, जड जॉब उचलला, तर हृदयाकडे एकच उपाय उरतो: धमन्यांतून जास्त रक्त आणणं. निरोगी धमन्या हा प्रवाह चार-पाच पट वाढवू शकतात. अरुंद झालेल्या धमन्यांना ते जमत नाही. चालताना छातीत दुखणं आणि थांबल्यावर कमी होणं, यामागचं कारण हेच. या दुखण्याला अंजायना म्हणतात.

हृदयातून निघणारे दोन महामार्ग

हृदयातून दोन मोठ्या धमन्या निघतात.

उजव्या निलयातून फुप्फुस धमनी निघते. ती अशुद्ध, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसांकडे नेते. 'धमनीत शुद्ध रक्त असतं' हा शाळेत पाठ केलेला नियम इथे मोडतो.

डाव्या निलयातून महाधमनी निघते. ही शरीरातली सर्वांत मोठी धमनी. ती आधी वर जाते, मग छत्रीच्या मुठीसारखी कमान घेते आणि पाठीच्या कण्याजवळून खाली पोटात उतरते. कमानीवरून तीन मोठ्या शाखा निघतात. पहिली पुढे दुभंगून उजवा हात आणि मानेच्या उजव्या बाजूला जाते. दुसरी मानेच्या डाव्या बाजूनं मेंदूकडे आणि तिसरी डाव्या हाताकडे जाते.

या तिन्ही शाखांच्याही आधी, महाधमनीच्या अगदी बुंध्याशी, झडपेच्या लगेच वर दोन छोटी तोंडं असतात. तिथून डावी आणि उजवी कोरोनरी धमनी निघते. लॅटिनमध्ये 'कोरोना' म्हणजे मुकुट. या धमन्या हृदयाच्या वरच्या भागाला मुकुटासारखा वेढा घालतात, म्हणून हे नाव.

हाच नकाशा अँजिओग्राफीत उपयोगी पडतो. मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवली जाते. ती दंडातून, खांद्याखालून महाधमनीच्या कमानीत येते आणि तिथून वळून कोरोनरी धमनीच्या तोंडाशी पोहोचते. मनगटापासून हृदयापर्यंतचा रस्ता सलग आहे, म्हणूनच छाती न उघडता हे शक्य होतं.

तीन वाटा आणि त्यांचं क्षेत्र

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याची वाहतूक मोजक्या मोठ्या रस्त्यांवर चालते: जुना पुणे-मुंबई महामार्ग, पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण रस्ता. कुठला रस्ता तुंबला यावरून कुठला भाग अडकेल हे तिथल्या माणसाला न सांगता कळतं. हृदयाचंही तसंच आहे.

*डावी मुख्य धमनी.* लांबीला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. पण डाव्या निलयाचा बहुतेक पुरवठा तिच्यातून जातो. इथला मोठा अडथळा सर्वांत धोकादायक मानला जातो. ती लगेच दोन फांद्यांत विभागते: एलएडी आणि सर्कमफ्लेक्स.

*एलएडी.* पूर्ण नाव लेफ्ट अँटिरिअर डिसेंडिंग. दोन निलयांच्या मधल्या खोबणीतून ती हृदयाच्या पुढच्या बाजूनं टोकापर्यंत उतरते. डाव्या निलयाची पुढची भिंत आणि दोन निलयांमधल्या पडद्याचा पुढचा सुमारे दोन तृतीयांश भाग तिच्यावर अवलंबून असतो. एवढं मोठं क्षेत्र असल्यानं ती वरच्या भागात बंद झाली की हृदयाची ताकद झपाट्यानं घटते.

*सर्कमफ्लेक्स.* ही डावीकडून वळसा घालून हृदयाच्या मागच्या बाजूला जाते. डाव्या निलयाची बाजूची आणि मागची भिंत तिचं क्षेत्र.

*उजवी कोरोनरी धमनी, म्हणजे आरसीए.* ती उजवीकडच्या खोबणीतून खाली आणि मागे जाते. उजवं निलय आणि बहुतेकांमध्ये हृदयाची खालची भिंत तिच्याकडे असते. शिवाय ठोके निर्माण करणाऱ्या एसए नोडला सुमारे 60 टक्के लोकांत आणि खालच्या एव्ही नोडला बहुसंख्य लोकांत हीच धमनी रक्त देते. त्यामुळे ती बंद झाली की नाडी एकदम मंद होऊ शकते.

ही रचना सगळ्यांत एकसारखी नसते. हृदयाच्या मागच्या खोबणीतून उतरणारी धमनी कुणापासून निघते, यावरून हृदय 'उजवं-प्रधान' की 'डावं-प्रधान' हे ठरतं. साधारण 80 ते 85 टक्के लोकांत ती उजव्या धमनीपासून निघते. अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर 'राइट डॉमिनंट' असं लिहिलेलं दिसलं, तर घाबरण्यासारखं काही नाही. तो आजार नाही, ठेवण आहे.

तीन धमन्यांच्या मध्ये बारीक जोडरस्तेही असतात. एखादी धमनी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली, तर हे जोडरस्ते रुंदावतात आणि काही भार उचलतात. धमनी अचानक बंद झाली, तर त्यांना रुंदावायला वेळच मिळत नाही. तरुण माणसाला आलेला पहिलाच झटका इतका जोरदार का ठरू शकतो, याचं एक कारण हे.

परतीचा रस्ता

वापरलेलं रक्त हृदयाच्या शिरांमधून परत येतं. बहुतेक शिरा हृदयाच्या मागच्या बाजूला असलेल्या एका रुंद शिरेत मिळतात. तिला कोरोनरी सायनस म्हणतात आणि ती उजव्या अलिंदात उघडते. काही अगदी बारीक शिरा मात्र थेट कप्प्यांमध्येच रिकाम्या होतात.

हृदयाचं जेवण 'विश्रांतीत'

शरीराच्या इतर भागांना रक्त मिळतं ते हृदय आकुंचन पावतं तेव्हा. डाव्या निलयाचं उलट आहे. आकुंचनाच्या क्षणी स्नायू इतका घट्ट आवळतो की त्याच्या आतल्या बारीक धमन्या चेपल्या जातात. हृदय सैल पडतं तेव्हा त्या उघडतात आणि रक्त आत शिरतं. म्हणजे डाव्या निलयाला रक्ताचा मोठा वाटा दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतो.

नाडी वाढली की सर्वांत जास्त कात्री लागते ती याच विश्रांतीला. गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठ्याचा वेळ कमी होतो. ताप, अतिश्रम, उष्णतेमुळे शरीरातलं पाणी कमी होणं किंवा तीव्र ताण यांनी आधीच अरुंद असलेल्या धमनीचं दुखणं उफाळून येतं ते यामुळे.

कोरोनरी धमन्या हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात आणि त्यांच्या फांद्या बाहेरून आत शिरतात. म्हणजे भिंतीचा सर्वांत आतला थर हा कालव्याच्या टेलवरच्या शेतकऱ्यासारखा असतो. पाणी कमी पडलं की आधी त्याचं शेत वाळतं. धमनी बंद झाल्यावर स्नायू मरायला सुरुवात होते ती आतल्या थरापासून, आणि पुढच्या काही तासांत नुकसान बाहेरच्या दिशेनं पसरत जातं. उपचार मधेच झाले तर बाहेरचा थर वाचू शकतो. 'वेळ म्हणजे स्नायू' असं डॉक्टर म्हणतात, त्याचा अर्थ हा.

ठोका आत, हुकूम बाहेर

हृदयाचा ठोका मेंदूतून येत नाही. उजव्या अलिंदात वरच्या बाजूला एसए नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. तो स्वतःहून विजेचे संकेत तयार करतो. ते दोन्ही अलिंदांत पसरतात, एव्ही नोडमध्ये क्षणभर अडवले जातात आणि मग खास तंतूंमधून दोन्ही निलयांत जातात. तो क्षणभराचा अडथळा मुद्दाम असतो, म्हणजे निलयं आवळण्याआधी भरून घेतात.

एसए नोड थकला तर एव्ही नोड मिनिटाला 40 ते 60 या गतीनं काम सांभाळतो. तोही गेला, तर निलयं स्वतःच 20 ते 40 ठोके देतात. जीव जेमतेम तग धरेल, इतकेच.

या यंत्रणेवर बाहेरून दोन प्रकारच्या मज्जातंतूंचं नियंत्रण असतं.

*सिंपथेटिक तंतू* पाठीच्या कण्याच्या छातीकडच्या वरच्या भागातून येतात. धावपळ, भीती, राग, तातडी अशा वेळी ते ठोक्यांचा वेग आणि जोर वाढवतात. गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखे.

*व्हेगस* हा मेंदूतून थेट निघणारा दहावा मज्जातंतू. तो मानेतून खाली हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जातो. हृदयासाठी तो ब्रेक आहे. एसए नोड मोकळा सोडला तर मिनिटाला 100 च्या आसपास ठोके देईल. विश्रांतीत नाडी 70 च्या जवळ राहते ती व्हेगसमुळे.

हे दोन्ही प्रकारचे तंतू महाधमनीच्या कमानीखाली एकत्र येऊन जाळं बनवतात. तिथून फांद्या निघतात आणि त्यातल्या बऱ्याच कोरोनरी धमन्यांच्या सोबतीनं हृदयात पसरतात.

बाहेरचे तंतू किती महत्त्वाचे, हे हृदय प्रत्यारोपणात स्पष्ट दिसतं. भारतात पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या पथकानं 1994 मध्ये केलं. अशा शस्त्रक्रियेत धमन्या-शिरा जोडल्या जातात, पण मज्जातंतू जोडता येत नाहीत. तरीही नवं हृदय स्वतःहून धडधडतं. फरक इतकाच की व्हेगसचा ब्रेक नसल्यानं विश्रांतीतही नाडी 90 ते 100 च्या आसपास राहते. आणि पुढे धमन्या अरुंद झाल्या, तरी अनेकदा छातीत दुखत नाही, कारण खबर देणारे तंतूच नसतात.

दुखणं हृदयाचं, जाणवतं हातात किंवा पोटात

बोटाला टाचणी टोचली तर नेमकं कुठे टोचलं ते कळतं. हृदयाच्या बाबतीत असं होत नाही. हृदयातून वेदनेचे संदेश घेऊन येणारे तंतू पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर छातीच्या कातडीचे आणि हाताच्या आतल्या बाजूचे संदेशही येतात. मेंदूला कातडी आणि स्नायूंकडून रोज संदेश मिळतात, हृदयाकडून क्वचित. त्यामुळे संदेश हृदयाचा असला तरी मेंदू तो छातीवर, खांद्यावर किंवा हाताच्या करंगळीकडच्या बाजूला 'नोंदवतो'. मान आणि जबड्याच्या बाबतीतही असंच घडतं. काही जण दाताच्या डॉक्टरकडे पोहोचतात ते यामुळेच.

पोटाचं कोडंही इथेच सुटतं. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते आणि त्याच्या लगेच खाली पोट असतं. शिवाय खालच्या आणि मागच्या भिंतीत व्हेगसचे तंतू जास्त असतात, आणि हाच व्हेगस पोटालाही जातो. त्यामुळे उजवी धमनी बंद झाली की मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, घाम, मंद नाडी अशी लक्षणं दिसू शकतात. इनो घेतल्यावर ढेकर आली आणि थोडं बरं वाटलं, म्हणून हृदय ठीक आहे असा अर्थ निघत नाही.

मधुमेह अनेक वर्षांचा असेल तर हे मज्जातंतूच खराब झालेले असू शकतात. मग झटका वेदनेशिवाय येतो: नुसता दम लागणं, खूप थकवा, घाम. स्त्रियांमध्येही छातीत दुखण्याच्या जोडीनं धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, अशी लक्षणं तुलनेनं जास्त आढळतात.

ईसीजी म्हणजे धमन्यांचा नकाशा

ईसीजीत एकाच हृदयाकडे 12 दिशांनी पाहिलं जातं. छातीच्या पुढच्या पट्ट्यांत, म्हणजे व्ही-1 ते व्ही-4 मध्ये बदल दिसले तर संशय एलएडीवर. दोन, तीन आणि एव्हीएफ या पट्ट्यांत दिसले तर खालची भिंत, म्हणजे बहुधा उजवी धमनी. एक, एव्हीएल, व्ही-5 आणि व्ही-6 मध्ये दिसले तर बाजूची भिंत, म्हणजे बऱ्याचदा सर्कमफ्लेक्स.

सर्कमफ्लेक्सचं मागचं क्षेत्र नेहमीच्या 12 पट्ट्यांत नीट दिसत नाही. म्हणून 'पहिला ईसीजी नॉर्मल' म्हणजे 'हृदय नॉर्मल' असं नसतं. लक्षणं चालू असतील तर डॉक्टर ईसीजी पुन्हा काढतात, पाठीकडून पट्ट्या लावतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. हृदयाचा स्नायू दुखावला की हे प्रथिन रक्तात उतरतं.

धमनी बंद पडते म्हणजे काय होतं

धमनीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. अनेकदा झटका येतो तो हा थर पूर्ण नळी भरून टाकतो म्हणून नाही, तर त्याचं वरचं आवरण फाटतं म्हणून. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद होऊ शकते. म्हणून आदल्या आठवड्यात धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही झटका येतो.

रस्ता मोकळा करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अँजिओप्लास्टीचा. आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी 1977 मध्ये झुरिचमध्ये फुग्यानं कोरोनरी धमनी रुंद करून दाखवली, आज त्यासोबत स्टेंट बसवला जातो. दुसरा मार्ग गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा. त्यातलं टेनेक्टेप्लेज हे औषध याच पट्ट्याला लागून असलेल्या हिंजवडीत जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी बनवते.

अनेक धमन्यांत अडथळे असतील तर बायपास शस्त्रक्रिया सुचवली जाते. त्यात छातीच्या आतल्या बाजूनं जाणारी धमनी बहुधा एलएडीला जोडतात. ही धमनी डाव्या हाताच्या मोठ्या धमनीची फांदी असते आणि वर्षानुवर्षं चांगली टिकते.

चाकण ते कॅथलॅब: अंतर किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत

वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्ण दाखल झाल्यावर 10 मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती करावी. होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लवकर द्यावं आणि मग रुग्णाला कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात हलवावं.

चाकणच्या बाबतीत हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय मात्र पिंपरीच्या संत तुकारामनगरात, म्हणजे मोशी आणि भोसरीमार्गे वीसेक किलोमीटरवर. पहाटे हे अंतर लवकर कापलं जातं. पाळी सुटण्याच्या वेळी तळेगाव चौक आणि नाशिक महामार्ग तुंबलेला असताना तेवढ्याच अंतराला किती वेळ लागेल सांगता येत नाही. दूरच्या मोठ्या रुग्णालयाकडे धावण्याआधी जवळच्या ठिकाणी ईसीजी निघणं म्हणूनच मोलाचं. राज्य सरकारनं 2021 मध्ये सुरू केलेल्या 'स्टेमी महाराष्ट्र' प्रकल्पामागचा विचारही हाच: लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो तज्ज्ञांकडून लगेच वाचून घ्यायचा आणि रुग्णाला योग्य जागी पाठवायचं.

कारखान्यांचीही यात भूमिका आहे. 1948 च्या कारखाना कायद्यानं 500 हून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी रुग्णवाहिका कक्ष ठेवणं बंधनकारक केलं. पण या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप असंख्य आहेत. तिथे पहिला निर्णय घेणारा माणूस डॉक्टर नसतो, सुपरवायझर किंवा शेजारच्या मशीनवरचा सहकारी असतो.

रात्रपाळीचा संबंधही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. 'बीएमजे' या नियतकालिकात 2012 मध्ये 34 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे 23 टक्के जास्त आढळला. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी, तर इतर देशांत जवळपास 59 व्या वर्षी आल्याचं दिसलं. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर ही त्यामागची मुख्य कारणं दोन्हीकडे सारखीच होती. आपल्याकडे ती लवकर गाठतात.

व्हॉट्सॲपवर फिरणारे समज

*"झटका आला की जोरजोरात खोकावं."* एकट्या माणसाला यानं झटका थोपवता येतो, याला वैद्यकीय आधार नाही. खोकल्यानं बंद धमनी उघडत नाही. यात वेळ मात्र जातो.

*"सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली की काम झालं."* ही गोळी रक्तदाब उतरवते. झटक्यात उजव्या निलयाला इजा झाली असेल, तर त्यानं रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. डॉक्टरांनी दिली नसेल, तर दुसऱ्याची गोळी घेऊ नये.

*"ॲस्पिरिन कुणालाही द्यावी."* झटक्यात ॲस्पिरिन चावून खाणं उपयोगी ठरतं हे खरं. पण ॲलर्जी, रक्तस्राव किंवा पोटात अल्सर असेल तर ती घातक ठरू शकते. महाधमनीची भिंत फाटली तरी छातीत आणि पाठीत तीव्र कळ येते आणि तिथे रक्त पातळ करणारी औषधं धोक्याची असतात. म्हणून 108 वर किंवा डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

*"डावीकडे दुखलं तरच हृदय."* हृदयाचं दुखणं बहुधा मधोमध, दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं असतं. ते उजव्या हातात, पाठीत किंवा पोटातही जाणवू शकतं.

अशा वेळी काय करावं

छातीत दडपण, आवळणं किंवा जळजळ काही मिनिटांत गेली नाही, सोबत घाम, धाप, मळमळ, चक्कर, हात किंवा जबड्यात दुखणं असेल, तर:

- काम लगेच थांबवावं आणि माणसाला टेकून बसवावं. चालवत, जिन्यानं नेऊ नये.
- 108 ला फोन करावा. राज्यात ही मोफत रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे.
- रुग्णाला स्वतः दुचाकी चालवत जाऊ देऊ नये आणि मागे बसवूनही नेऊ नये.
- दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवावं. उपचार ठरवताना डॉक्टर हे विचारतात.
- आधीचे कागद, चालू गोळ्या आणि ॲलर्जीची माहिती सोबत द्यावी.
- माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला किंवा नुसता आचके देऊ लागला, तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देत राहावा. एईडी मशीन असेल तर ते लावावं.

दुखणं शेवटी ॲसिडिटीचं निघालं, तर एक ईसीजी वाया गेला एवढंच. उलट झालं, तर थर्ड शिफ्टमधल्या त्या अडीच-तीन तासांत हृदयाचा जो स्नायू मरतो, तो पुन्हा उगवत नाही. त्या जागी व्रण उरतो आणि उरलेल्या स्नायूला आयुष्यभर त्याचंही काम ओढावं लागतं.